गुणाशेठचे भाऊबंद

बुऱ्हानपूरच्या लालबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारपंपाच्या सामानाचं एक दुकान आहे. पाइप, व्हॉल्व्ह, वायसर, नटबोल्ट असला सगळा माल. त्या दुकानात सहा फूट दोन इंच उंचीचा, निळ्या डोळ्यांचा एक गोरापान म्हातारा बंडी आणि पायजमा घालून बसलेला असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत असतो, "भाऊ, या बाहेरच्या लोकांनी आपल्या बुऱ्हानपूरची पार वाट लावून टाकली."

ऐकणारा नवखा असला तर आधी मागं वळून बघतो. दुकानात दुसरं कोणी बोललं असेल असं त्याला वाटतं.

हे आमचे गुणाशेठ. बाहेरचे म्हणजे त्यांच्या लेखी खंडव्याचे, भुसावळचे आणि सगळ्यात वाईट म्हणजे इंदूरचे. समोरच्या गाळ्यात खंडव्याहून आलेल्या एका तरुणानं मोबाइलचं दुकान टाकलं, तेव्हा शेठ आठ दिवस अस्वस्थ होते. "बोली वेगळी, खाणं वेगळं. इथल्या हवेत कसं निभणार याचं?" असं म्हणत त्यांनीच त्याच्या दुकानाचं शटर दुरुस्त करून दिलं. ज्याला 'ळ' नीट म्हणता येत नाही, त्यानं लालबागेत घर घेऊ नये असंही त्यांचं एक मत आहे. स्वतःचा 'ळ' ते असा काही घोळून म्हणतात, की केळीच्या बागेतून वारा गेल्याचा भास व्हावा.

मी वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस. गल्लीत मला नाना म्हणतात. खोटं मीटर चालू दिलं नाही तसं खोटं बोलणंही मला खपत नाही. एकदा राहवलं नाही म्हणून मी म्हणालो, "शेठ, तुम्ही स्वतः जर्मनीचे. आम्हाला कसले बाहेरचे दाखवता? माझा तर जन्म इथला."

शेठनी हातातला पाना खाली ठेवला. "नाना, जन्म तर कोणाचा बी कुठी बी होतो. त्याच्यात तुमची काय मेहनत? मी इथला व्हायले चाळीस वर्षं मेहनत केली. तुम्ही आयते बसले."

मी दोन वायसर घेऊन घरी आलो. खरं म्हणजे मला चार हवे होते, पण दोनच लागतील असं त्यांचं म्हणणं पडलं. आणि दोनच लागले.

त्यांचं मूळ नाव गुंटर. आडनाव इतकं लांब, की म्हणताना मधे पाणी प्यावं लागतं, म्हणून गल्लीनं ते कधी मनावर घेतलं नाही. जवळच्या कागद कारखान्यात परदेशी मशीन बसवायला ते सहा महिन्यांसाठी आले होते. एका रविवारी कोणीतरी त्यांना कुंडी भंडारा दाखवायला नेलं. जमिनीखालून शेकडो वर्षं पाणी आपलं आपण गावात येतंय, ना पंप ना मोटार, हे पाहून पंपाच्या त्या माणसानं म्हणे बूट काढले आणि कुंडीच्या काठावर हात जोडले. "ज्या गावात पाण्याले ढकलावं लागत नाही, तिथून कशाले जायचं?" असं ते आजही विचारतात. पण हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे सुमनवहिनी. वहिनी तुकईथडच्या. कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. वाफेनं भाजलेला हात घेऊन शेठ त्यांच्यापुढं बसले आणि वहिनी पट्टी बांधताना म्हणाल्या, "हलू नका." तेव्हापासून शेठ हलले नाहीत.

गुंटरचा गुणा केला तो वहिनींच्या आईनं. म्हातारीला जावई अजिबात पसंत नव्हता, पण एकदा त्यानं तिच्या विहिरीवरची मोटर उघडून परत लावून दिली आणि ती चालली. "गुणाचा आहे हो," एवढंच ती म्हणाली. ते नाव चिकटलं.

दुकानदार म्हणून शेठ औरच. गिऱ्हाइकाला माल विकणं हा शेवटचा उपाय आहे अशी त्यांची पक्की समजूत. कोणी म्हणालं, नवा पंप पाहिजे, की यांची उलटतपासणी सुरू. "जुन्याले काय झालं? आवाज कसा करून राहिला? कुठी बसवला? कोणी बसवला?" शेवटी हुकूम सुटतो, "घेऊन ये त्याले." मग दापोऱ्याहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पंप येतो, शेठ तो फळीवर निजवून उघडतात, आतला चिमटीएवढा एक वायसर बदलतात आणि म्हणतात, "जा. अजून दहा वर्षं हा मरत नाही." पंपाच्या कंपन्यांचे प्रतिनिधी त्यांच्या दुकानावरून जाताना मान खाली घालतात. वहिनी म्हणतात, "हे दुकान नाही, दवाखाना आहे. मी एक सोडला तर यांनी दुसरा काढला."

पण शेठचं खरं दुकान दुसरंच. ते रीतिरिवाजांचं. कोणाच्या घरी काही कार्य निघालं की हे हजर, आणि कुठं काही चुकलं की मान हलवून म्हणणार, "आपल्यात असं नाही राहत." शेजारच्या रामदास चक्कीवाल्याच्या नातवाच्या वाढदिवसाला केक आणला होता. त्यावरच्या मेणबत्त्या पोरगा फुंकणार, एवढ्यात शेठ मधे पडले. "दिवा ओवाळायचा राहतो, विझवायचा नाही राहत. आपल्यात असं नाही राहत." एका जर्मन माणसानं मेणबत्त्या उचलून ठेवल्या आणि निरांजन आणायला लावलं. पोरगं रडलं, पण रामदासच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

लग्नात तर त्यांच्यापुढं भटजीही जपून असतात. बट्टी आधी वाफवून मग तळलेली आहे की आचाऱ्यानं भट्टीत कशीबशी भाजून काढली, हे ते लांबून वासावरून सांगतात. कोणत्या मामाला कोणता मान, आत्याबाईची साडी कधी द्यायची, कोण कोणावर रुसलंय आणि त्याला मनवायला कोणी जायचं, हे सगळं त्यांना पाठ. गल्लीतल्या सतरा लग्नांत मी त्यांना मांडवाच्या खांबाजवळ उभं राहून हे सांगताना पाहिलंय. सांगायचे सगळं ते, करायचे मात्र घरचे. खांब सोडून ते कधी आत येत नसत, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

त्यांना एकच मुलगी. नाव तापी. वहिनींना काहीतरी नवीन नाव हवं होतं, पण शेठनी ऐकलं नाही. "गावाची नदी आहे. दुसरं काय ठेवायचं?" पोरगी बापासारखी उंच आणि आईसारखी कमी बोलणारी. केळीची रोपं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती कामाला आहे. तिथं दापोऱ्याचा नीलेश रोपं न्यायला आला. पुढच्या आठवड्यात तक्रार घेऊन आला की रोपं फार चांगली निघाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच तक्रार. चौथ्या वेळी तापीनं त्याला सांगितलं, "तक्रार माझ्या वडिलांकडं कर."

तो शहाणा. जुना पंप घेऊन आला. शेठ खूश.

तर असं सगळं जमत आलं होतं. नीलेशच्या घरची दापोऱ्यात केळीची मोठी बागायत. घरात शब्द चालतो त्याच्या मोठ्या काकांचा, भागवतआप्पांचा. धोतर, टोपी, कमी बोलणं आणि समोरच्याला पुरतं बोलू देणं. पहिल्या बैठकीला शेठनी मला शेजारी म्हणून बोलावलं होतं. पोहे झाले, चहा झाला, मग आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोरगी चांगली आहे. पोराले पसंत, आम्हाले बी पसंत. तुम्ही गोरे का काळे, ते आम्ही पाहत नाही. मामाकडचे तुकईथडचे, ते ठावके आहेत. पन शेठ, तुमचे भाऊबंद कुठी आहेत?"

शेठनी रिकामा कप उचलून परत बशीत ठेवला.

"राग मानू नका. उद्या आमच्या घरात तुमच्या पोरीले कोनी वाकडं बोललं, तर आम्हाले जाब पुसायले चार माणसं आली पाहिजे. मामा कितीक येईल? ज्या पोरीमागं भाऊबंद नाही, तिले आणून उद्या आमच्यातल्याच कोनी त्रास दिला तर पाप माह्या डोक्यावर. तिकडं कोनी भाऊ-बीऊ?"

"एक आहे," शेठ म्हणाले. "येणार नाही."

आप्पांचं म्हणणं अडाणी वाटेल कोणाला, पण मला तरी त्यात खोट काढता येईना. त्यांना हुंडा नको होता, मानपान नको होता. मुलीच्या पाठीशी माणसं हवी होती. ज्या माणसाला गावातली एकूण एक रीत पाठ, त्याच्याकडं नेमकी हीच गोष्ट नव्हती, आणि ती कुठून दुरुस्त करून आणता येण्यासारखीही नव्हती.

शेठनी मान वर केली. "साखरपुड्याले येतील माझे भाऊबंद."

"येऊ द्या," आप्पा म्हणाले. "आम्ही पाहू. मंग सुपारी फोडू." आमच्याकडं सुपारी फुटली की लग्न पक्कं. ती फुटेपर्यंत सगळं तोंडचं बोलणं.

पुढचे आठ दिवस गुणाशेठ गप्प. किती गप्प, तर दापोऱ्याचा एक शेतकरी घाबराघुबरा होऊन माझ्याकडं आला. म्हणाला, "नाना, शेठची तब्येत बरी आहे ना? मी नवा पंप मागितला तर त्यांनी काहीच विचारलं नाही हो. देऊन टाकला!"

मी त्या क्षणी उठलो. एवढं होईपर्यंत मी गप्प बसलो याची लाज वाटली.

गल्लीची सभा रामदासच्या चक्कीवर भरली. इथं एक खुलासा केला पाहिजे. रामदासच्या पन्हाळीचं पाणी माझ्या भिंतीवर पडतं, यावरून आम्ही अकरा वर्षं एकमेकांशी थेट बोललो नव्हतो. जे बोलायचं ते तिसऱ्यामार्फत. त्या दिवशी मधे हातिमभाई होते, आमचे बोहरी शेजारी, क्रोकरीचे व्यापारी.

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "की आपण सगळे भाऊबंद म्हणून साखरपुड्याला जाऊ."

"उनको बोलो," हातिमभाईंनी मान वळवली.

"ऐकू आलं," रामदास म्हणाला. "त्यांना सांगा, मी कालच खांद्यावर टाकायचा मानाचा टॉवेल आणून ठेवला."

ठरलं. गल्लीतले सत्तावीस पुरुष शेठचे चुलते, चुलतभाऊ आणि पुतणे म्हणून जाणार. आप्पांना फसवायचं नाही, खरं काय ते सांगायचं, पण जायचं एका रांगेत. थोरला चुलता कोण, हे मात्र कोणी बोललं नाही. बोलायचं कारणच नव्हतं. मी रामदासपेक्षा दोन महिन्यांनी मोठा आहे. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ज्याला नसेल त्याला मी सांगतो.

साखरपुडा लालबागेतल्याच मंगल कार्यालयात, भर उन्हाळ्यात. आम्ही सत्तावीसजण टॉवेल-टोपीत आत शिरलो तेव्हा आचाऱ्यांनी बट्ट्या तळणं थांबवून पाहिलं. हातिमभाई त्यांची नेहमीची पांढरी, सोनेरी काठाची टोपी घालून आले होते. "टोपी का खर्चा बच गया शेठ का," म्हणाले. शेठ दारात उभे होते. आम्हाला पाहून ते एकेकाच्या डोक्यावरची टोपी नीट करत सुटले.

आप्पांनी आमच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली. "हे तर तुमचे शेजारी."

"आम्हीच भाऊबंद," रामदास छाती काढून म्हणाला.

आप्पा हसले. वाईट नाही हसले. "माणसं चांगली आहेत. चांगला शेजार आहे तुमचा शेठ. पन शेजारी हौसेनं येतो. भाऊबंद येतो ते त्याले यावंच लागते म्हणून. दोन्हीत फरक आहे."

वहिनींचा चेहरा उतरला. तापी आतल्या खोलीच्या दारात उभी होती, ती मागं सरली. शेठ म्हणाले, "भेटी तर होऊ द्या."

भेटी म्हणजे दोन्हीकडच्या नातलगांनी मानाप्रमाणे एकमेकांना टोपी घालून गळाभेट घ्यायची. बाप बापाला, मामा मामाला, काका काकाला. शेठ आणि नीलेशचे वडील भेटले. तुकईथडचे मामा भेटले. मग आप्पा हातात टोपी घेऊन उभे राहिले, थोरल्या काकाची टोपी. मी टॉवेल सावरला, एक पाऊल पुढं टाकलं.

आणि गुणाशेठ मोठ्यानं म्हणाले, "मुलीचे थोरले चुलते, रामदासभाऊ!"

माझं दुसरं पाऊल हवेतच राहिलं.

नंतर कळलं, घाबरलेल्या डोक्यानं शेठनी गल्लीतल्या घरांच्या क्रमानं नावं घ्यायला सुरुवात केली होती. रामदासचं घर पहिलं, माझं दुसरं. सतरा लग्नांत ज्यानं दुसऱ्यांना मानाचा क्रम सांगितला, त्यानं स्वतःच्या पोरीच्या साखरपुड्यात वय सोडून घर नंबर धरला. पण त्या वेळी मला हे कुठं माहीत? मला एवढंच दिसलं, की अकरा वर्षं माझी भिंत भिजवणारा माणूस थोरला झाला आणि मी त्याच्यामागं.

मला माहीत होतं काय पणाला लागलंय. पोरीची सुपारी फुटायची आहे, हेही माहीत होतं. तरीही मी रुसलो. खरोखर रुसलो. यात काही डाव नव्हता, हे मी आज कोणाच्याही शपथेवर सांगतो, कारण नंतर लोकांनी मला फार हुशार ठरवलं. मी काही बोललो नाही. खरा रुसणारा बोलत नाही, चपला पायात घालतो. मी घातल्या आणि निघालो.

घरी पोहोचल्यावर कळलं की किल्ली आमच्या हिच्याकडं, आणि ही कार्यालयात. मग मी ओट्यावर बसलो. ओटा असा तापलेला, की टॉवेल चौपदरी घालून त्यावर बसावं लागलं. पोटात भूक. दोन गल्ल्यांवरून घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा वास येत होता. रुसायला निदान सावली तरी पाहावी, हा धडा मी त्या दिवशी शिकलो.

तिकडं कार्यालयात काय झालं, ते रामदासनं मला नंतर सांगितलं, अकरा वर्षांनी थेट मला.

मी निघालो तशा सगळ्या माना दाराकडं वळल्या. आप्पांनी विचारलं, "ते कोन गेले?"

रामदास पुढं आला. तो म्हणाला, "आप्पा, ते नाना. खरे थोरले तेच. दोन महिन्यांनी मोठे आहेत. मान चुकला म्हणून रुसून गेले."

"रुसले?"

"हो."

"म्हंजे जेवले बी नाही?"

"नाही. त्यांच्या घराची किल्ली बी इथंच आहे."

आप्पा मांडवाच्या मधोमध उभे राहून हातातल्या टोपीकडं पाहत राहिले. मग भटजींना म्हणाले, "सुपारी थांबवा."

वहिनींनी म्हणे ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. पण आप्पांचा चेहरा फुलत चालला होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "शेजारी रुसत नाही हो. शेजाऱ्याचा मान चुकला तर तो हसते, जेवते, आन् घरी जाऊन नाव ठेवते. भर कार्यातून उपाशी उठून जाते तो भाऊबंदच. आम्हाले पाहायचं होतं ते पाहून झालं. आता भाऊ रुसलेला असताना सुपारी फोडायची आमच्यात रीत नाही. शेठ, तुम्ही स्वतः जा. मनवून आणा त्याईले."

सव्वीस भाऊबंदांनी टाळ्या वाजवल्या. मी इकडं ओट्यावर भाजत होतो.

शेठ आले ते धावतच. एवढा धिप्पाड माणूस उन्हात लालबुंद झालेला. आल्या आल्या ओट्याखाली उभे राहून त्यांनी सगळे मंत्र म्हटले. माझं चुकलं, पदरात घ्या, मोठ्या मनानं माफ करा, तुमच्याशिवाय कार्य अडलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. मी आभाळाकडं पाहत होतो. रुसलेल्या माणसानं पहिल्या विनवणीला उठायचं नसतं, दुसऱ्यालाही नाही. पण तिसऱ्या वेळी मी खाली पाहिलं तर शेठ हसत होते. तोंडभर.

"हसता काय? माणूस इथं अपमान होऊन बसलाय!"

"नाना," ते म्हणाले, "तुम्ही माझ्यावर रुसले!" आणि मग सगळं सांगून टाकलं. आप्पा काय म्हणाले, सुपारी कशी थांबली, सगळे कसे माझी वाट बघताहेत. आता तिसऱ्या विनवणीनंतर उठायला माझी हरकत नव्हती. मी टॉवेल झटकला.

आम्ही कार्यालयात शिरलो तेव्हा बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली, खरं तर नवरदेवासाठी ठरवलेली धून. आप्पांनी मला टोपी घातली आणि अशी मिठी मारली की माझी जुनी कंबर कडकडली. मागं रामदास उभा होता. "त्यांना सांगा," तो सवयीनं आप्पांना म्हणाला, मग थांबला आणि थेट मला म्हणाला, "पन्हाळी उद्या फिरवतो." सुपारी फुटली. तापी आईच्या गळ्यात पडून हसत होती आणि वहिनी, ज्या कधी मोठ्यानं बोलत नाहीत, आचाऱ्यावर ओरडत होत्या की माझ्या थोरल्या जेठांना आधी वाढा. मी अकरा बट्ट्या खाल्ल्या. अकरा वर्षांची भूक होती म्हणा.

लग्न धूमधडाक्यात झालं. पत्रिकेत मुलीकडच्या नावांची यादी इतकी लांब झाली, की छापणाऱ्यानं अक्षर बारीक करू का विचारलं. शेठ म्हणाले, अक्षर नाही, कागद मोठा कर. तापी आता दापोऱ्यात सासरी आहे आणि तिथून रोज प्रयोगशाळेत जाते. लग्नानंतर दोन महिन्यांनी तिला साधा ताप आला, तर आम्ही नऊजण जीप भरून आप्पांना जाब विचारायला गेलो. आप्पा इतके खूश झाले की आम्हाला जेवल्याशिवाय सोडेनात. शेठ आजही दुकानात बसतात, आजही बाहेरच्यांच्या नावानं बोटं मोडतात. कार्यात मात्र आता खांबाजवळ उभे राहत नाहीत. मधल्या सतरंजीवर बसतात आणि कधीमधी स्वतःही रुसून पाहतात. अजून नीट जमत नाही, लगेच हसू फुटतं.

राहिलं ते वाटेवरचं. माझ्या ओट्यापासून कार्यालयापर्यंत येताना जे झालं, ते मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही निघालो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शेठ माझ्या पुढं लांब टांगा टाकत होते. बंद दुकानांच्या सावलीत ते एकदम थांबले.

"नाना, मी बी घरून रुसूनच निघालो होतो."

मला आधी समजलं नाही.

"छोटं गाव होतं आमचं. असंच दुकान होतं, लोखंडी सामानाचं. बापानं सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्यामागं दुकान मोठा सांभाळेल. माझं नावच घेतलं नाही. मी काही बोललो नाही. पेटी उचलली आन् स्टेशनवर जाऊन बसलो. गाडी आली, मी चढलो नाही. म्हटलं, येईल कोणी. दुसरी आली, ती बी सोडली."

"मग?"

"कोणी नाही आलं." ते टॉवेलाची दशी बोटाला गुंडाळत होते. "वाईट नव्हते हो ते. माझा भाऊ बी वाईट नाही. तिकडं तशी पद्धतच नाही. माणूस गेला तर म्हणतात, त्याची मर्जी. मीच येडा, वाट पाहून राहिलो होतो. तिसऱ्या गाडीत बसलो. मंग काम भेटत गेलं, इकडं आलो. इथं पहिल्याच लग्नात पाहिलं, कोणाचा तरी आत्येभाऊ रुसला आन् त्याले आणायले सात माणसं गेली. नाना, मी त्या दिवशी घरी जाऊन लई रडलो. सुमनले बी सांगितलं नाही काबरं ते."

चाळीस वर्षं हा माणूस रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. मी त्याच्याकडून वायसर नेले, त्याच्या बोलण्याला हसलो, त्याच्या गोष्टी पाहुण्यांना रंगवून सांगितल्या. तो कोणाची वाट पाहतोय, हे मी कधी विचारलं नाही. फार लाज वाटली मला, आणि त्याहून जास्त माया.

वयानं मी मोठा होतो. थोरला होतो. नुकतंच तसं कबूलही झालं होतं. मी त्याचा हात धरला.

"झालं ते झालं, गुणा," मी म्हटलं. "चल आता घरी. सगळे तुझी वाट पाहून राहिले."

मग त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं आणि माझ्या मागोमाग आला.